बुढ्याचा टाक

जर्मनच्या लढाईच्या साली केनवडच्या दोघा भावांची वाटणी झाली. वावर सारखं वाटलं, देव मात्र रीतीप्रमाणे घट बसायच्या दिवशी थोरल्याकडे जायचे होते. त्यांत चांदीच्या पत्र्यावर ठसा उठवलेला एक टाक होता, जुन्या कुठल्याशा लढाईत पडलेल्या मूळपुरुषाचा. घरात त्याला सगळे 'बुढा' म्हणत. पिढ्यान् पिढ्या घासून त्याचं तोंड पार सपाट झालेलं.

धाकट्या पुंजाजीची बायको चतुराबाई. तिचा जीव त्या बुढ्यात. पोटी मूल नाही, नवरा घुम्या. सासू गेल्यापासून पूजा तिच्याकडे आणि मनातलं सगळं ती त्यालाच सांगे.

"आपन नवा घडवू," पुंजाजी म्हणाला.

"नव्याले काय माहीत माह्यं?"

तरी तिने मालेगावच्या सोनाराकडून गुपचूप नवा घडवलाच, माहेरचा तोडा मोडून. जुना दिसावा म्हणून काजळीने काळा केला आणि घट बसायच्या दिवशी तोच थोरल्या घरी पोचता केला. खरा बुढा तिच्या कणगीत, तुरीच्या दाण्यांखाली.

चोरी पचली, झोप गेली. चोराच्या मनात चांदणं! घटाचे देव हलवत नाहीत, म्हणून तिकडे कुणाला कळलं नाही. इकडे ती सारखी कणगीशी जाई, झाकणावर हात ठेवी नि परत फिरे. उघडावं तर नवरा पाहील, न उघडावं तर बुढा फुलावाचून, निवदावाचून. देवाला आणून कोंडून ठेवलं, ही कसली माया! तिला स्वतःचीच चीड येई.

नवमीला देव उठले. सगळे थोरल्या घरी जमले. थोरला भाऊ दौलतराव टाकाला हळद लावू लागला आणि चतुराबाई दाराआडून पाहू लागली. हळदीत डोळे उठले, नाक उठलं, मिशासुद्धा. सोनाराने बुढ्याला तोंड दिलं होतं.

"पाहा, बुढा कसा हासून राह्यला!" थोरली जाऊ कस्तुराबाई हरखली.

दौलतरावाचा अंगठा थांबला. मग त्याने पूजा उरकली.

पानं मांडली. भासऱ्याने, म्हणजे थोरल्या दिराने, भावजयीशी बोलायची रीत नाही, म्हणून तो बायकोला म्हणाला, "धाकटीचं पान वाढू नोको."

चतुराबाईने पदर पुढे ओढला. आता चारचौघांत अब्रू जाणार.

"पयले तिच्याजवळ निवदाचं ताट दे. तिच्या घरी बुढा नऊ दिसाचा उपाशी असन."

"बुढा तं इथंच हाये, जी!"

"तू ताट भर."

पुरणाचं ताट हातात येताच चतुराबाई रडत रडत घराकडे सुटली. त्यावर झाकण घालायलासुद्धा ती थांबली नाही.