मी ब्रेक फक्त बघतो

मी एक जुना, पाच-सात ओळींचा तुकडा आहे. सी नावाच्या संगणकाच्या भाषेत माझ्यासारख्याला फंक्शन म्हणतात. मित्रांनो, मारिबोर शहराजवळच्या डोंगरावर एक रोपवे आहे, त्याच्या यंत्राशी मी थेट बोलतो. माझे नाव झावोरा_बेरी. आमच्या इकडच्या भाषेत झावोरा म्हणजे ब्रेक आणि बेरी म्हणजे वाच.

हे नाव आमच्या कचेरीतल्या मुख्य प्रोग्रामर मिलॉयकाबाईंनी ठेवले. त्यांच्या शिस्तीचे मला फार कौतुक वाटते. नावात आधी यंत्राचा भाग, मग काम. ज्याच्या नावात 'वाच' असेल, तो फक्त बघणार, कशालाही हात लावणार नाही. 'धर' असेल तर जोडीला 'सोड' नावाचा दुसरा तुकडा हवाच. त्यामुळे आमचा गोतावळा कितीही वाढला तरी कोण काय करतो, हे नावावरूनच कळते.

एकदा हिवाळ्याच्या तोंडावर ब्रेकची पकड ढिली पडू लागली. बाईंच्या हाताखालचा प्रोग्रामर बोग्दान घाईत होता. ढिला ब्रेक सोडून पुन्हा घट्ट धरायचा, अशा दोन ओळी त्याने माझ्याच पोटात घातल्या. नाव मात्र तेच ठेवले. मी अवघडून गेलो. पण आम्हाला कुठे तोंड असते?

आमच्या कचेरीत एक पद्धत आहे. कोणताही बदल यंत्रात घालण्याआधी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायचा. अक्रोडाची पोतित्सा, म्हणजे सारण भरलेला गोड पाव, खात खात बोग्दान वाचू लागला.

"थांब," मिलॉयकाबाई म्हणाल्या. "वाचायला दिलेल्या पुस्तकाची पानं फाडतोस होय रे?"

"बाई, दोनच तर ओळी आहेत!"

"आपल्या मेकॅनिक येर्नेयलाही हात दोनच आहेत. उद्या तो ब्रेक लावून दोराच्या चाकाला ग्रीस घालणार. आणि नियंत्रण खोलीतली ती स्क्रीन सारखी यालाच विचारत असते, ब्रेक लागलाय का म्हणून. विचारता विचारता ब्रेक सुटला, तर?"

बोग्दानने हातातला घास खाली ठेवला. त्याने त्या ओळी माझ्यातून काढल्या आणि वेगळे फंक्शन लिहिले. त्याचे नाव झाले 'ब्रेक सोड आणि पुन्हा धर'.

"हे नाव आहे की मालगाडी?" तो पुटपुटला.

"असू दे मालगाडी. येताना ऐकू तरी येते!"

दुसऱ्या दिवशी येर्नेयने शीळ घालत कोपरापर्यंत हात चाकात घातले. स्क्रीन विचारत राहिली, मी बघत राहिलो. चाक तसूभरही हलले नाही.

मित्रांनो, नाव देताना विचार करून द्या. आणि दिलेल्या नावात न बसणारे काम गुपचूप कोणाच्या गळ्यात घालू नका. त्या नावावर विश्वास ठेवून कोणीतरी निर्धास्तपणे हात आत घालणार असते.