ठकुबाईंचा ठसका

"करवंदं घ्या वं माय! काटं माजं, गोडी तुमची!"

भोरच्या आळीत ही हाक आली की लहानगी मिताली वाटी घेऊन दाराशी धावायची. पाटीवाल्या ठकुबाई वाटी भरून वर दोन करवंदं तिच्या तोंडात घालायच्या.

तो आवाज आता गेला होता. पक्षाघाताच्या झटक्यानं ठकुबाईंचं अर्धं अंग लुळं पडलं, वाचा गेली, गिळणंही गेलं. गुंजवण्यातल्या घरी त्या खाटेवर होत्या आणि नाकातल्या नळीतून पेज घेत होत्या. आता नर्स झालेल्या मितालीच्या शुश्रूषा केंद्रातली रत्ना दिवसभर त्यांच्यापाशी असे. तोंडातून पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, तो छातीत उतरेल, असं मितालीनं घरातल्या प्रत्येकाला बजावलं होतं.

दुपारी रत्नाचा फोन आला.

"ताई, आजींना ठसका लागलाय. छाती घरघरतीय. अंगबी तापलंय."

"तोंडातून काही दिलं?"

"न्हाई वं! धुणं वाळत घालाया गेल्ते, तेवढंच. आले तर ह्या अशा."

वाटेतलं मार्गासनी गाव मागं पडलं तरी स्कूटी जागची हलत नाही असं मितालीला वाटत होतं. दोन्ही अंगांना कापलेला भात आडवा पडलेला.

पोचताच तिनं खाटेची उशाकडची बाजू वर केली, ठकुबाईंना कुशीवर वळवलं, नळीतली पेज थांबवली. बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावलं. आकडा धोक्याच्या काठावर होता.

ठकुबाईंचा मुलगा गोरख दारातूनच तडकला, "तुमची बाई मोबाईलात डोकं घालून बसती. तिनंच नळी हलवली आसंल!"

"दादा, नळीला म्या बोट लावलं न्हाई," रत्नाचे डोळे भरले. "आजीच बोलत्या तर त्यांनीच सांगितलं आस्तं."

मितालीनं डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून एकच प्रश्न आला, "तोंडातून काही गेलंय का? गेलं असेल तर आत्ताच हलवा. नुसता ताप असेल तर मी संध्याकाळी येऊन बघतो."

मितालीनं सगळ्यांकडे पाहिलं. गोरखनं नाही म्हणून मान हलवली. रत्नानंही हलवली. जोत्यावर बसलेले ठकुबाईंचे नवरे गेनबा मात्र अंगणाकडेच बघत राहिले.

"दवाखान्यात न्हाई न्यायचं तिला," ते म्हणाले. "हितंच बरी व्हईल."

आतून पुन्हा ठसका आला, या खेपेला बारीक, दमलेला. मिताली गेनबांशेजारी टेकली.

"बाबा, मी कुणाला बोल लावायला आले नाही. रत्नाला आत्ता काढून टाकीन, पण त्यानं आजींची छाती मोकळी होणार नाही. खरं कळलं तर होईल."

गेनबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"नवा भात शिजला आज. दरसाल देवाफुडं ठिवून पयला घास तिलाच भरवतो म्या. लगीन झाल्यापास्नं. तोंडाशी नेला तर आऽ केलं तिनं, पोरी. म्या भरवला. ठसका लागला आन् म्या भिऊन भाईर आलो... बोलाव गाडी. न्या तिला."