आठ सेंटिमीटरांची पट्टी

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिला सगळे दशांशताई म्हणत. तिसऱ्या दशांशस्थळापर्यंत आकडा जुळल्याशिवाय तिची सही होत नसे आणि तिची सही झाल्याशिवाय अहवाल टेबलावरून हलत नसे. सुट्टीच्या दिवशी ती जुने सूक्ष्मदर्शक दुरुस्त करी. आठ वर्षांत तिने भंगारातून आणलेले बारा सूक्ष्मदर्शक ठणठणीत केले होते आणि बाराही घरातल्या कपाटात उभे होते, कारण ही विद्या तिला येते हे कपाटाखेरीज कोणालाच ठाऊक नव्हते.

विज्ञानशिक्षकांचे संमेलन दोन वर्षांतून एकदा भरे. मागच्या खेपेला तिने गाळणकागदाच्या तुकड्यांवर फोन नंबर लिहून वाटले होते. एकाचाही फोन आला नाही. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी पुन्हा संमेलन होते. "यंदाही काम मिळालं नाही, तर कपाट रिकामं करायचं," असे ती स्वतःशीच बोलली. नवऱ्याने ते ऐकले आणि टेप आणून कपाटाची मापे घेतली.

"घाई काय आहे?" ती म्हणाली.

"घाई नाही गं. तूच म्हणतेस ना, आधी मोजावं, मग बोलावं."

म्हणून कार्डे छापायची ठरली. पाचशे कार्डांचा दर ऐकून तिने पिशवी उचलली, तेव्हा छापखानेवाल्याने मार्ग सुचवला. "ताई, सामायिक तावात टाका. आठ गिऱ्हाइकांची कार्डं एकाच मोठ्या कागदावर छापायची आणि मग कापायची. एकतृतीयांशात काम. स्वस्तात मस्त!"

स्वस्त आणि मस्त यांचा परस्परसंबंध सिद्ध झालेला नाही, हे तिला माहीत होते. पण तिचे कार्ड साधे होते. पुढे नाव, काम आणि फोन नंबर. मागे खालच्या कडेला आठ सेंटिमीटरांची पट्टी, मिलिमीटरच्या खुणांसह. शिक्षक कागद फेकून देतात, पट्टी फेकत नाहीत, असा तिचा तर्क होता. छापखानेवाल्याने नमुना काढला. तिने पर्समधून सूक्ष्म माप घेणारा व्हर्निअर काढून पट्टी मोजली: ८०.० मिलिमीटर. मगच सही केली.

गुरुवारी डबा घरी आला. तिने एक कार्ड मोजले: ७७.६. शितावरून भाताची परीक्षा तिला मान्य नव्हती, म्हणून डब्याच्या निरनिराळ्या थरांतून आणखी चार काढली. चारही ७७.६.

शुक्रवारी छापखाना उघडण्याआधीच ती दारात उभी होती.

"नमुना ऐंशीचा होता," ती म्हणाली.

"होता ना! पण मग नृत्यवर्गवाल्या बाई आल्या घाईघाईत. त्यांच्या कार्डांची ओळ थोडक्यासाठी तावावर बसेना. मग सगळ्यांनाच जरा आवळलं. शंभराला तीन."

"मला न विचारता?"

"अहो, दोन-अडीच मिलिमीटर! मुंगीसुद्धा त्याला अंतर म्हणणार नाही. बाकी कोणी तक्रार केली का? केकवाले खूश, शिकवणीवाले खूश..."

"त्यांच्या कार्डावर पट्टी नाही."

"मग तुम्ही तरी कशाला टाकलीत?"

या प्रश्नाला उत्तर होते. ते समजून घेणारा माणूस समोर नव्हता. मोजमापाची उपकरणे दुरुस्त करणाऱ्या बाईच्या कार्डावरच खोटे माप! कार्ड नसते तर ती फक्त अनोळखी राहिली असती. आता पुराव्यानिशी बेभरवशाची ठरणार होती. पट्टी कापून टाकावी, तर पुढचा फोन नंबरही कापला जात होता. सगळे मुसळ केरात. नव्याने छापायला पाच दिवस लागणार होते आणि संमेलन उद्या होते.

"पुढच्या तावात फुकट छापून देतो, ताई. शब्द आहे."

"पूर्ण आकारात. लिहून घ्या."

"डोक्यात लिहिलंय."

प्रयोगशाळेत परतल्यावर तिची नजर तापमापीला बांधलेल्या चिठ्ठीवर पडली: 'वाचनातून ०.४ वजा करावे.' चुकणारे उपकरण इथे कोणी फेकत नसे. त्याची चूक मोजून त्याच्याच गळ्यात अडकवत. जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी मिळून तिने बारीक निबाच्या पेनाने एकसष्ट कार्डांवर लिहिले: 'वाचन × ०.९७ = खरी लांबी'. बासष्टाव्याला मनगट संपावर गेले.

शनिवारी तिने साठ कार्डे वाटली. एकोणसाठ जणांनी न वाचता खिशात घातली. दोन तास उभे राहून पालथ्या घड्यावर पाणी. साठावे कार्ड घेणाऱ्या शिक्षिकेने मात्र कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, मागची ओळ वाचली आणि पर्समधून प्लॅस्टिकची पट्टी काढून तिथेच मोजले.

"चुकलात हो! ०.९८ आहे."

दशांशताईने आपल्या पर्समधली पोलादी पट्टी काढून शेजारी धरली. दोघी वाकल्या.

"तुमची पट्टी आखूड आहे," दशांशताई म्हणाली. "शंभराला एक."

"अगं बाई! बारा वर्षं मी हिच्यावर पोरांचे मार्क कापतेय!" शिक्षिकेने पट्टी पर्समध्ये परत टाकली. "आमच्याकडे सतरा सूक्ष्मदर्शक पडलेत. दुरुस्तीवाला येतो, फडकं मारतो, 'चालतंय' म्हणतो आणि जातो. नेमकं किती बिघडलंय, हे आजवर एकानेही लिहून दिलं नाही. पुढच्या शनिवारी येता?"

बुधवारी छापखानेवाल्याने बोलावून नवा डबा पुढे सरकवला. तिने कार्ड मोजले. रुंदी नव्वद मिलिमीटर, बिनचूक. मग उलटले. मागची बाजू कोरी होती.

"पट्टी कुठे आहे?"

"काढून टाकली!" तो अभिमानाने म्हणाला. "झंझटच नको. तुमच्या डोक्याला किती ताप झाला होता."

डबा तसाच काउंटरवर ठेवून ती घरी आली. नवरा कपाटासमोर टेप घेऊन उभा होता.

"मग? मोकळं करायचं ना?"

"आणखी एक लागेल," ती म्हणाली. "सतरा बसतील एवढं. नीट मोज."

आणि जुना डबा उघडून, बारीक निबाचे पेन घेऊन, चडफडत ती बासष्टाव्या कार्डावर ०.९७ लिहू लागली.