खिळे ठोकलेला ओटा

मित्रांनो, मी एक जुना ओटा आहे. कोलकात्याच्या एका शांत गल्लीत, हिरव्या खिडक्यांच्या घराला चिकटून. इथले लोक मला रोयाक म्हणतात. मी रागात आहे, आधीच सांगून ठेवतो.

गवंड्यांनी मला लाल सिमेंटने घोटून गुळगुळीत केलं, तेव्हापासून माझ्यावर बसायला कुणाची परवानगी लागली नाही. सकाळी बाजारातून मासळी घेऊन येणारे टेकायचे, मातीच्या भांड्यातून चहा यायचा, आणि फुटबॉलवरून अशी जुंपायची की विचारू नका. एखादा आला नाही, की बाकीचे त्याच्या खिडकीखाली जाऊन ओरडायचे, "काय रे, मेलास का?" वरून शिव्या आल्या, की सगळे निवांत.

मग मालकाच्या मुलाने, तीर्थंकरने, वरच्या खोल्या पाहुण्यांना द्यायला काढल्या. 'शांत वस्तीत राहा' अशी जाहिरात केली.

"जेठू, पाहुणे झोपलेत. जरा हळू बोला ना," तो शेजारच्या भवतोषबाबूंना म्हणाला; बापाहून मोठ्या माणसाला इथे जेठू म्हणतात. ते एकटेच राहायचे.

"तुझा बाप याच ओट्यावर बसून आख्खी गल्ली जागी ठेवायचा. त्याला कधी म्हणालास?"

तीर्थंकरने सरळ माझ्या अंगात लोखंडी खिळे रोवले, टोकं वर. म्हातारे चार दिवस उभ्याने बोलले आणि पांगले. मेल्याला लाज वाटली नाही.

पुढे एकदा भवतोषबाबू न्हाणीघरात पडले. त्यांची भिंत माझ्या अंगाला लागून, त्यामुळे त्यांच्या हाका मला ऐकू येत होत्या. मी काय करणार, ओट्याला तोंड नसतं. तेवढ्यात एक पाहुणी बॅग घेऊन उतरली. "किती शांत गल्ली आहे हो तुमची," ती म्हणाली, आणि तीर्थंकर फुलून गेला.

दार फोडलं तेव्हा हाका कधीच थांबल्या होत्या. त्यांचे जुने सोबती निताईबाबू माझ्यासमोर उभे राहून रडले. "मला वाटलं, बसायला जागा नाही म्हणून तो येत नाही." बाकीच्यांनाही तसंच वाटलं होतं.

मित्रांनो, तुमच्या गल्लीत एखादा ओटा उरला असेल, तर आजच त्यावर जाऊन बसा. मोठ्याने बोला. झोप मोडली म्हणून वरून कुणी खेकसलं, तर खुशाल खेकसू द्या.