दुपारी पाण्यावर येणारं जनावर

हत्तींची नोलारीला भीती नव्हती, तिटकारा होता. दिवसभर चरायचं, त्यातलं निम्मं न पचताच मागे टाकायचं, चार शेंगांसाठी बाभळीची अख्खी फांदी मोडायची आणि संध्याकाळी, कोरड्या नदीत बायकांनी नखं तुटेस्तोवर खणलेल्या विहिरीत पाय घालून चिखल करायचा. तरी तिच्या सांबुरू जमातीतले पुरुष त्यांना भाऊबंद म्हणत. म्हणणारच! आयतं पाणी पिण्यात दोघं सारखेच.

यंदा नदीत एकच विहीर उरली होती. म्हातारे झाडाखाली जमले, तंबाखू चघळत बसले आणि त्यांनी ठरवलं: संध्याकाळ हत्तींची. सकाळी पाणी गढूळच असतं, तेव्हा बायकांनी ते निवळल्यावर, भर दुपारी भरावं. हा शहाणपणा नोलारीच्या नवऱ्याचा, लेकुरुकीचा. हत्तींच्या सवयी त्याला तोंडपाठ होत्या आणि कुणी विचारलं नाही तरी तो सांगत सुटे.

नोलारीनं घरातली माणसं मोजली. मुलगा गुरं घेऊन डोंगरापलीकडे गेलेला, तिचे स्वतःचे गुडघे कामातून गेलेले. पाणी आणायची ती सून, नासिएकू, आणि तिचे दिवस भरत आलेले. त्या तापल्या वाळूत पोर आडवी झाली तर उचलायलाही कुणी नव्हतं.

बैठकीत बायकांनी बोलायची रीत नाही. नोलारी काठी टेकत गेली ती थेट मधोमध उभी राहिली.

"अहो, हत्ती दुपारी काय करतात?"

लेकुरुकी खुलला. "दुपारी? सावलीत उभे. कान हलवत. उभ्याउभ्याच डुलकी काढतात. ती तुटक्या कानाची आहे ना, ती गाभण आहे. तिला बाकीच्या मध्ये घेतात, ऊन लागू देत नाहीत. पावसाच्या तोंडावर विणार बघ."

"अगदी पावसाच्या तोंडावर?"

"माझा अंदाज चुकलाय कधी?"

म्हाताऱ्यांनी कौतुकानं माना डोलावल्या.

"आणि आपल्या सुनेला कितवा महिना चाललाय?"

लेकुरुकीनं काठीकडे पाहिलं. मग शेजाऱ्याकडे पाहिलं. "सून? ती... म्हणजे तिला काही..."

कुणीतरी फस्सकन हसलं. नोलारी हसली नाही. तिला इतकी किळस आली की थुंकावंसं वाटलं.

"हत्तिणीच्या पोटातलं कळतं, घरातल्या पोरीचं पुढ्यातलं पोट दिसत नाही! हत्तिणींना अक्कल आहे हो, पोटुशीला सावलीत ठेवतात. तुम्ही त्यांचे भाऊबंद कसले? त्यांना लाज वाटेल." तिनं पाठीवरचे पाण्याचे दोन्ही पिवळे डबे त्याच्या पायाशी टाकले. "उद्या दुपारी तुम्ही जा. हत्ती झोपलेले असतात, तुम्हाला ठाऊकच आहे."

चारचौघांदेखत त्यानं डबे उचलले.

दुसऱ्या दिवशी डोक्यावर ऊन आलं तेव्हा पलीकडच्या काठावर हत्ती सावलीत कान हलवत होते. या काठावर सासू-सुना झोपडीच्या सावलीत दुधाचा चहा पीत होत्या. मधल्या वाळूतून लेकुरुकी डबे ओढत, दर चार पावलांवर थांबत, धापा टाकत येत होता.

"नीट बघून ठेव गं," नोलारी सुनेला म्हणाली. "हे जनावर दुपारी पाण्यावर येतं. आता रोज येईल."