मघाशी दिलेली गोळी

सिस्टरने आवडाबाईंच्या हातातली सुई काढली, कापसाचा बोळा ठेवला आणि त्यांच्या नवऱ्याचा, पुंजारामांचा, अंगठा त्यावर नेऊन टेकवला.

“दाबून धरा बाबा. पाच मिनिटं सोडू नका.”

पुंजाराम दाबून बसले. आवडाबाई आपल्याच हाताकडे पाहत राहिल्या. कोपरापासून मनगटापर्यंत डाग होते. दोन आठवड्यांपूर्वी जांभळे होते, आता कडांनी हिरवट-पिवळे होऊन विरत चालले होते. आजारपणापासून त्यांना सगळंच लांबून दिसायचं, आवाज पाण्याखालून आल्यासारखे यायचे. त्यात दुखणं नव्हतं. उलट बरं वाटायचं.

अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात कृत्रिम झडप बसवली, तेव्हापासून रोज सांजेला रक्त पातळ ठेवणारी एक गोळी घ्यावी लागे. ती पुंजारामच देत. मग एका सकाळी हिरड्यांतून आलेल्या रक्ताने उशी भिजली आणि रक्त थांबेना. गोळीचं अंगात विष झालं होतं. उताऱ्याचं इंजेक्शन दिलं, बाटल्या चढवल्या. आठ दिवस दवाखान्यात गेले. रक्त ताळ्यावर आल्यावर गोळी पुन्हा सुरू झाली.

डॉक्टर भानुमतींनी रिपोर्ट पाहिला. “छान. रक्त किती पातळ आहे तो आकडा अडीचवर आलाय, त्या दिवशी नऊच्या वर होता. पण आजी, एवढी गोळी गेलीच कशी?”

“माझीच चूक. इसरून दोनदा घेतली असंल.”

“हिच्या हाती काय ठेवायची सोय नाय,” पुंजाराम म्हणाले. “आता डबी माझ्याच खिशात राहील.”

“हे उत्तम. आजी, बाबा देतील तेवढीच घ्यायची.”

आवडाबाईंनी मान हलवली.

हर्सूलला घरी परतेपर्यंत ऊन उतरलं होतं. तलावावरून गार वारा येत होता. आवडाबाई अंगणातल्या खाटेवर पडल्या. पुंजारामांनी पेल्यात पाणी आणलं, डबी उघडून गोळी दिली, ती गिळेपर्यंत उभे राहिले. दवाखान्यातून सुटल्यापासून पाच दिवस त्यांनी ती रोज एकदाच दिली होती. रोज त्या अंधार पडेपर्यंत वाट बघायच्या आणि मग सुटल्यासारखा श्वास सोडायच्या.

त्यांचा डोळा लागला. झोपेत त्या लहान होत्या, पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. पावलं वाजली तेव्हा आभाळात थोडा तांबूस उजेड होता. पुंजाराम पेला घेऊन उभे होते. तळहातावर गोळी होती.

“घे. येळ झाली.”

दिवाळीनंतर हे पहिल्यांदा झालं, तेव्हा त्या बोलल्या होत्या, दिली की मघाशी. लाइनमनच्या नोकरीत तीस वर्षं खांबांचे नंबर तोंडपाठ ठेवलेला तो माणूस, आणि त्याचा चेहरा इतका रिकामा झाला, की आवडाबाईंनी हसून, “नाय, माझंच चुकलं,” म्हणत गोळी घेतली होती. पुढे आठवड्यातून तीन-चारदा ते दुसऱ्यांदा यायचे. त्या गुपचूप गिळायच्या.

आत्ताही हात पुढे गेला. मग त्यांनी मूठ मिटली.

“मघाशी दिली तुमी.”

“कवा?”

“ऊन होतं तवा.”

पुंजाराम पेल्यातल्या पाण्याकडे बघत राहिले. “अन् याआधी?”

आवडाबाईंनी पदर हातावर ओढून घेतला. पुंजारामांनी तो हळूच बाजूला केला. उजेड कमी होता, तरी डाग दिसत होते. त्यांनी एकेका डागावर बोट टेकवलं.

“सगळ्या खाल्ल्यास?”

पुंजारामांनी गोळी डबीत टाकली, डबी आवडाबाईंच्या उशाशी ठेवली आणि खाटेच्या कडेला बसले.

“आवडा, आज वार कोणता गं?”

कित्येक महिने ते असलं काही कुणाला विचारत नव्हते. सकाळी पेपर उघडून बातम्यांच्या आधी कोपऱ्यातली तारीख बघायचे, आपलं कुणाला कळत नाही असं समजून.

“गुरुवार.”

“अन् आपला पोरगा, सांडू? चितेगावलाच हाय ना?”

“व्हय. कंपनीत. रविवारी यील.”

त्यांनी मान डोलावली. अंगणात आता एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते.

“आणखी एक इचारू?”

आवडाबाई सरकल्या, खाटेवर त्यांना जागा केली.

“इचारा,” त्या म्हणाल्या.