इथलं आम्ही बघतो

इस्पितळाच्या धुलाई विभागाच्या प्रमुखबाईंना सगळे कडकबाई म्हणत. चादरींवरून की स्वभावावरून, याचा निकाल कधी लागला नाही. एका डागावरून त्या तिघातिघांना फैलावर घेत. पण मोठ्या यंत्रांच्या घरघरीत त्या कधीकधी एक गाणं गुणगुणायच्या. ते कानावर आलं की स्वारी खुशीत आहे हे ओळखून लोक रजेचे अर्ज पुढे सरकवत.

गाणं एका जुन्या रॉक संगीतिकेतलं होतं. खांद्याला बॅग लावून घर सोडणारी नायिका गिटारच्या कल्लोळात गाते, ‘मी निघाले, मी निघाले, वाट माझी मोकळी’. शाळेत असताना बाईंनी त्याची कॅसेट झिजेपर्यंत ऐकली होती. बाविसाव्या वर्षी नोकरीसाठी घर सोडलं, तेव्हा बसमध्ये ओठांवर हेच होतं. पुढे आई अंथरुणाला खिळली आणि अकरा वर्षं तिचं सगळं धाकट्या बहिणीने केलं. बाई वर्षातून दोनदा जाऊन येत. परतताना मन खायला लागलं की हेच गाणं म्हणत, मग जरा बरं वाटे. आई जाऊन आता चार वर्षं झाली होती. बहिणींचं बोलणं रविवारच्या फोनवर, ‘बरी आहेस ना?’ ‘बरी आहे,’ एवढ्यावर आलं होतं.

त्या वर्षी इस्पितळातल्या भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी कर्मचाऱ्यांना घेऊन तीच संगीतिका बसवायचं ठरवलं. लोकांना झोपवणारा माणूस आता जागं करायला निघालाय, अशी थट्टा झाली. चाचणीला सगळ्यात आधी कडकबाई हजर. गायल्याही जीव तोडून, पण वरच्या सुराला आवाज चिरकला.

“बाई, गाणं तुमच्याइतकं कुणाला पाठ नाही,” डॉक्टर चाचरत म्हणाले, “पण... कोरसमध्ये याल का?”

नायिकेचं काम लहान मुलांच्या वॉर्डातल्या नर्सला मिळालं. बाईंचं तोंड एवढंसं झालं, पण नाही म्हणवेना.

तालमी व्यायामोपचाराच्या खोलीत होत. पहिल्या दिवशी हातात कागद पडला. कोरसला एकच ओळ होती, पुन्हा पुन्हा म्हणायची: ‘जा तू, इथलं आम्ही बघतो.’

“हे गाण्यात कुठे होतं?” बाईंनी विचारलं.

“पहिल्यापासून आहे की,” डॉक्टर म्हणाले. “गिटारखाली दबलंय, एवढंच.”

नर्स वर गात होती, बाकीचे खाली. चार-पाच वेळा म्हणून झालं आणि बाईंना एकदम टेपरेकॉर्डरपाशी बसलेली नऊ वर्षांची धाकटी दिसली. गुडघ्यांवर हनुवटी टेकून ती हळू आवाजात काहीतरी म्हणायची. ‘माझ्या गाण्यात काय पुटपुटतेस?’ म्हणून आपण तिच्यावर खेकसायचो.

घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधी त्यांनी फोन लावला.

“काय गं ताई? सगळं ठीक ना?” धाकटी घाबरलीच. मंगळवार होता.

“आपण ते ‘मी निघाले’ म्हणायचो ना, तेव्हा तू खाली काय म्हणायचीस?”

“हे विचारायला फोन केलास? ‘जा तू, इथलं आम्ही बघतो.’ का?”

“मला कधी ऐकूच आलं नाही.”

“कसं येणार? केवढ्याने ओरडायचीस तू!”

दोघी हसल्या. मग बाईंनी भीतभीत विचारलं, “मनापासून म्हणायचीस?”

“मनापासून कसलं! तुझा वरचा सूर मला लागायचा नाही, म्हणून खालचा धरला. पुढे आईला कुशीवर वळवताना मात्र आठवायचं कधीकधी. रागच यायचा. बघशील का, असं मला विचारलं होतं कुणी?”

आजवर या गाण्यात बाईंना स्वतःखेरीज दुसरं कुणी दिसलंच नव्हतं.

“मी विचारायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. “चुकलंच माझं.”

“हं,” धाकटी म्हणाली. मग बाईंनी तिला इस्पितळातल्या नाटकाचं आणि कोरसचं सांगितलं. “कधी आहे तुमचा प्रयोग?”

प्रयोग महिन्याभराने एका रविवारी दुपारी कॅन्टीनच्या हॉलमध्ये झाला. नर्सने छत दणाणून सोडलं. कोरसच्या दुसऱ्या रांगेतून बाई आपली ओळ म्हणत राहिल्या, प्रत्येक वेळी जरा सावकाश. धाकटी खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. ती रडली वगैरे नाही, टाळ्या मात्र शेवटपर्यंत वाजवत होती.

नंतर दोघी मागच्या बाकावर चहा घेऊन बसल्या. “आई किती खट्याळ झाली होती, तुला माहीतच नाही,” धाकटी म्हणाली. “तपासायला आलेल्या डॉक्टरला म्हणाली, आधी केस कापून ये!” बाई खो खो हसल्या. मग धाकटी बाकीचंही सांगू लागली: पाठीवरच्या जखमा, आईचा हट्ट, एकदा दार लावून घेऊन स्वतः रडली होती ते. एरवी दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ न देणाऱ्या कडकबाई एकदाही मध्ये बोलल्या नाहीत.

सहा वाजले तरी गोष्ट आईच्या आजारपणाच्या दुसऱ्या वर्षातच होती. धाकटीने घड्याळ बघितलं आणि परतीचं जाणं उद्यावर टाकलं.